मुहूर्तावर उघडलेलं दार

सर्व्हर सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी साठी केव्हाच उलटून गेल्यावर शिकले, आणि तेही तुमच्या आत्याकडून, अमरावतीच्या घरी, मेथी निवडता निवडता. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आपल्याला एखादी गोष्ट समजली की नाही, हे ती दुसऱ्याला क्रमाने सांगता येते का यावरून कळतं, असं मी मुलींना सांगत असे. म्हणून तुम्हाला क्रमाने सांगते. तुमच्या वडिलांना यातलं अर्धंच माहीत आहे. ते तेव्हा नोकरीच्या गावी होते.

ती वर्षं माणसाला थकवणारी होती. एका वर्षी पाऊस नाही, दुसऱ्या वर्षी कपाशीवर अळी, आणि पीक आलं तर भाव नाही. सकाळचा पेपर मी मधलं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांचं पान न उघडताच घडी करून ठेवत असे. मी ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी तूर अमाप पिकली. बाजारात ती कुणी विचारीना, म्हणून सगळे सरकारी भावाने विकायला खरेदी केंद्रावर निघाले आणि केंद्राबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली. रांग सोडली की नंबर गेला, मग कुणी रांग सोडत नसे. भातकुलीकडचे तुमच्या वडिलांचे मामा ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपले, तिथेच विटांच्या चुलीवर भाकरी केली, आणि तूर मोजून झाल्यावर खोकला घेऊन घरी आले. तो खोकला पुढे बरेच दिवस गेला नाही.

आत्याच्या डोक्यात ही गोष्ट तिथून आली. माणसाने रांगेत उभं राहायचं कशासाठी? गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून किंवा फोनवरून नाव टाकावं, आपली पाळी कोणत्या दिवशी हे कळावं, आणि त्या दिवशी ट्रॉली आणावी. तिने आणि तिच्या अकोल्याच्या मैत्रिणीने मिळून तशी वेबसाइट बांधायला घेतली. दोघी अमरावतीच्या कॉलेजात एका बाकावर शिकलेल्या. मैत्रिणीच्या वडिलांचं अकोल्यात पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिचं निम्मं बोलणं हिंदीत, निम्मं वऱ्हाडीत चाले. अकोल्याच्या एका खरेदी संस्थेचे अध्यक्ष तयार झाले. आधी एका केंद्रावर करून बघू, म्हणाले. जमलं तर दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या केंद्रांचं काम तुम्हालाच.

तुमचे आजोबा गेल्यावर आत्या पुण्याची नोकरी सोडून माझ्याजवळ येऊन राहिली होती. पुण्याची ती कंपनी तिला परत बोलावत होती आणि होळीच्या आत उत्तर मागत होती. सगळ्या केंद्रांचं काम मिळालं तर ती अमरावतीला राहणार, नाही तर जाणार. त्या महिन्यात आमच्या घरात एवढी एकच गोष्ट होती. आम्ही त्या गोष्टीबद्दल बोलत नव्हतो. त्याऐवजी मी तिला सर्व्हरबद्दल विचारत असे.

तिने मला सांगितलं ते असं. वेबसाइट बांधणारा माणूस सगळं पहिल्यापासून बांधत नाही. आतलं येणं-जाणं, दारं, जिने हे आधीच कुणीतरी बांधून ठेवलेलं असतं. त्या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण फक्त आपल्या खोल्या बांधायच्या. कोणत्या खोलीत कधी जायचं, ते फ्रेमवर्क ठरवतं.

‘म्हणजे तू त्याला बोलावत नाहीस,’ मी म्हणाले.

‘नाही. ते मला बोलावतं. माझी पाळी आली की.’

सुरू होताना ते आधी आपल्या सूचना वाचतं. कोणत्या मशीनवर आहोत, डेटाबेस कुठे आहे, किती जणांना एका वेळी घ्यायचं. मग एकेक भाग जागा होतो, आणि त्यालाही क्रम असतो, कारण दुसरा भाग पहिल्याच्या आधारावर उभा असतो. मग डेटाबेसशी, म्हणजे सगळी नावं आणि पाळ्या जिथे साठवल्या आहेत त्या कोठाराशी, जोडणी होते. मग पत्त्यांची पाटी लागते. कुणी अमुक पत्ता मागितला तर कोणत्या खोलीत पाठवायचं, हे तिच्यावर लिहिलेलं. ती वरून खाली वाचायची आणि पहिली जुळलेली ओळ धरायची. खाली याहून चांगली ओळ असली तरी तिच्यापर्यंत कुणी जात नाही. आणि हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, बाहेरचं दार उघडायचं.

‘शाळेसारखंच की,’ मी म्हणाले. जूनमध्ये शाळा उघडताना आम्हीही असंच करत असू. आधी वर्ग, मग वेळापत्रक, मग फाटक.

‘शाळेला मागचं वर्ष आठवतं गं. ह्याला काही आठवत नाही.’

हे मला पटायला वेळ लागला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मागणीला त्यांच्या भाषेत रिक्वेस्ट म्हणतात. ती दारात आली की एकामागून एक तपासण्यांतून जाते. तू कोण, तुझ्याजवळ चिठ्ठी आहे का, मागितलंस ते नीट मागितलंस का. मग पाटी बघून तिला खोलीत पाठवतात, तिथे तिचं काम होतं, उत्तर तयार होतं, आणि ते त्याच तपासण्यांतून उलट्या क्रमाने बाहेर येतं. उत्तर हातात पडलं की सर्व्हर त्या माणसाला विसरतो. तोच माणूस पुढच्या क्षणी पुन्हा आला तरी तो नवाच. म्हणून ओळखीची चिठ्ठी त्यानेच जवळ बाळगायची, आणि दरवेळी दाखवायची.

‘फारच माणूसघाणं आहे तुझं हे,’ मी म्हणाले.

‘म्हणूनच टिकतं,’ ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, आणि पुढचं सगळं त्या गोष्टीमुळे झालं. दार उघडलं म्हणजे सगळी तयारी झाली असं नसतं. काही कामं फ्रेमवर्क मुद्दाम मागे ठेवतं. पहिला माणूस येईल तेव्हा करू, असं. पानाचा साचा तयार करणं, तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावं कोठारातून आणून हाताशी ठेवणं. म्हणून पहिल्या माणसाला फार थांबावं लागतं, पुढच्यांना नाही. आत हाताशी कामकरी, म्हणजे मागण्या पुऱ्या करणारे प्रोग्रॅम, मोजकेच असतात, आणि त्यांच्यावर तसाच एक राखणदार. एखादा कामकरी ठरल्या वेळात उत्तर देऊन मोकळा झाला नाही, तर तो मेला असं समजून राखणदार त्याला काढतो आणि नवा उभा करतो. नवा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. यावर तिचा उपाय साधा होता. सर्व्हर बराच आधी सुरू करायचा, दार लोकांसाठी बंद ठेवायचं, आणि प्रत्येक पान आपणच एकदा उघडून बघायचं. मग लोकांना सांगायचं, या.

मशीन संस्थेच्या अकोल्याच्या कचेरीतच ठेवायचं, असा अध्यक्षांचा आग्रह होता. भाड्याच्या जागेत, दूर कुठेतरी ठेवलेलं त्यांना चालेना. आपली वस्तू आपल्या डोळ्यासमोर पाहिजे. मशीन जुनं होतं, पण चालत होतं.

उद्घाटनाला त्यांनी मलाही बोलावलं होतं. आम्ही सकाळच्या एस.टी.ने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो. आत्याने सरळ कचेरीत जाऊन सर्व्हर सुरू केला, मैत्रिणीने आणि तिने सगळी पानं उघडून बघितली. सगळं सुरळीत चालत होतं. मग मैत्रिणीच्या घरी गेलो. तिच्या अम्मीने आम्हाला गरम पराठे आणि खिमा वाढला, मला शाकाहारी म्हणून बटाट्याची भाजी. आत्या त्या दिवशी पोटभर जेवली. बऱ्याच दिवसांनी.

परत आलो तेव्हा कचेरीच्या अंगणात मांडव होता आणि बाहेरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. निळ्या ताडपत्र्या, त्यांच्या सावलीत झोपलेली माणसं, एका दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. आत टेबलावर मशीन. त्याला कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. आणि ते बंद.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, ‘काकू, फोटोले घालतात तसा हार घातला. आता फक्त मंडळी गोळा व्हायची हायेत.’

आत्याने अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष धोतर-कोटातले, वयस्क, मनाने वाईट नव्हते. त्यांनी सकाळच्या पूजेनंतर स्वतःच मशीन बंद करवून घेतलं होतं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

‘चालू वस्तूचं उद्घाटन कसं होईन बाप्पा?’ ते म्हणाले. ‘पाव्हणे येतीन, बटन दाबतीन, मंग चालू झालं पायजे. आधीच चालू हाये म्हटलं तं पाव्हण्याईनं दाबाचं काय?’

आत्या म्हणाली, दाबू द्या. पण गावांना थोडी नंतरची वेळ सांगा. त्यांनी मान हलवली. गावांना मुहूर्ताचीच वेळ कळवून झाली होती. दवंडी दिल्यासारखं, प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात निरोप गेला होता की या वेळेला दाबा, जो आधी दाबेल त्याची पाळी आधी. पाहुणे उशिरा आले. मुहूर्त टळेल म्हणून भाषणं नंतर ठेवली, नारळ फोडला, आणि पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्यावर संस्थेचं नाव आलं आणि खाली एक गोल चक्र फिरू लागलं.

ते फिरतच राहिलं.

तुम्हाला आता कळलंच असेल काय झालं. मशीन थंड होतं, कामकरी नुकते उठलेले, साचे तयार नाहीत, गावांची नावं हाताशी नाहीत, आणि दारात सगळा तालुका एकदम उभा. प्रत्येक कामकऱ्याला आपलं पहिलं जड काम त्या गर्दीत, त्या जुन्या मशीनवर करायचं होतं. ते वेळेत होईना. राखणदार त्याला काढी, नवा उभा करी, नवा पुन्हा पहिल्यापासून. कोणीच तयार होईना. वरून गावांतून फोन येऊ लागले, फिरूनच राहिलं म्हणून, आणि अध्यक्ष प्रत्येकाला सांगत होते, दाबत राहा, सोडू नका. दर वेळी दाबलं की नवी रिक्वेस्ट. जुनी विचारणारा केव्हाच निघून गेलेला असायचा, तरी आत त्याच्यासाठी काम चालूच. आत्या शेजारच्या संगणकावर बसून हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं, पण ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती.

ती उठून अध्यक्षांजवळ गेली. हळू आवाजात म्हणाली की बाहेरचं दार थोडा वेळ लावावं लागेल. पाटी लावू, थांबा म्हणून. आत सगळं तयार होऊ देऊ आणि मग उघडू.

अध्यक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मांडवातून नवरीला परत न्या म्हटलं होतं.

‘मुहूर्तावर उघडलं दार कोणी लावते का वं?’

‘लावलं नाही तर उघडणारच नाही.’

‘उघडीन. दम धर. मशीन हाये, गरम होईन.’

‘गर्दी त्याला गरम होऊ देत नाही आहे, काका.’

पाहुणे पहिल्या रांगेत घड्याळ बघत होते. अध्यक्ष तिला खिडकीशी घेऊन आले. मी तिथेच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते जवळजवळ विनवत होते.

‘पोरी, पाव्हण्यासमोर हे बंद केलं, अन् लोकायनं पायलं, तं पुढच्या केंद्राचं काम मी तुले देऊ नाही शकत. मंडळात कोणी हात वर नाई करणार. म्हणतीन, पयल्याच दिवशी अपशकुन केला. तुले समजून राहिलं ना?’

‘समजलं,’ आत्या म्हणाली.

तिने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. रांगेत एक बाई ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसली होती. हातात फोन, आणि ती अंगठ्याने एकाच जागी दाबत होती. पुन्हा पुन्हा, घाई न करता. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला तेव्हा लागलं. नंतर मला त्यात तिचं शहाणपण दिसलं; पाहिलं असतं तर त्या निर्णयाचं ओझं माझ्यावरही आलं असतं. ती जाऊन खुर्चीवर बसली आणि तिने दार लावलं.

पडद्यावरचं चक्र गेलं. त्या जागी दोन ओळी आल्या: थोडं थांबा. तुमची पाळी जाणार नाही. मैत्रिणीने त्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. दार लावायची वेळ कधीतरी येतेच, म्हणे. मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, ते जेवण न घेता निघाले. अध्यक्ष त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आत दोघींनी सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून उठवला. सूचना, भाग, कोठार, पाटी. मग एकेका कामकऱ्याकडून पहिलं जड काम करवून घेतलं. मैत्रीण एकेक पान उघडायची आणि म्हणायची, ‘ये हो गया. ये भी.’ मला वाटलं होतं याला फार वेळ लागेल. गर्दी नसली की लागत नाही. मग तिने दार उघडलं, पण एकदम नाही. थोड्यांना आत घेतलं, त्यांचं झालं की आणखी थोड्यांना. कचेरीतले फोन एकेक करून थांबले. शेवटी नुसता पंख्याचा आवाज राहिला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ती ट्रॉलीजवळची बाई उठून आमच्याकडे आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं की हे ह्या मॅडमचं काम आहे. तिने फोन पुढे केला. पाळी पुढच्या आठवड्यातली होती.

‘मंग आता मी घरी जाऊ?’

‘जा,’ आत्या म्हणाली.

‘नंबर नाई जात?’

‘नाही जात.’

‘अन् त्या दिवशी आली, तं घेसान ना?’

‘घेतील.’

बाईने फोनवरची तारीख पुन्हा एकदा वाचली. मग तिने दोरीवरचं लुगडं काढलं, त्याची घडी केली, आणि नवऱ्याला हाक मारली की ट्रॅक्टर वळव. संध्याकाळपर्यंत बऱ्याच ट्रॉल्या निघून गेल्या. सगळ्या नाही. काहींचा विश्वास बसला नाही, ते तसेच रांगेत राहिले, आणि त्यांना मी दोष देत नाही.

परतीच्या एस.टी.त आत्या खिडकीला डोकं टेकून झोपली. मी जागी होते.

संस्थेने त्या एका केंद्रावर ती वेबसाइट हंगामभर चालवली आणि ती नीट चालली. सगळ्या केंद्रांचं काम मात्र मंडळाने नागपूरच्या कुणाला तरी दिलं. अध्यक्षांनी स्वतः फोन करून कळवलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आत्याने होळीच्या आधी पुण्याला हो म्हणून कळवलं. मैत्रीण अकोल्यातच राहिली, वडिलांच्या दुकानात बसून दुकानदारांच्या छोट्या वेबसाइटी करू लागली. बडनेरा स्टेशनवर मी आत्याला सोडायला गेले. तिने मला चार वेळा बजावलं की गॅसची नळी बदलून घे. मी हो म्हणाले. गाडी सुटल्यावर मी फलाटावरच्या बाकावर जरा बसले.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला अध्यक्षांचा मला फोन आला. नागपूरवाल्यांनी दोन्ही जिल्ह्यांत दार एकदम उघडलं होतं, आणि पुन्हा तेच चक्र फिरत होतं. ते म्हणाले, मॅडम, ताईचा नवा नंबर द्या. मी दिला. आत्याने ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोनवर सगळं क्रमाने सांगितलं. आधी दार लावा. तिने मला नंतर सांगितलं की ते फक्त एकदाच म्हणाले, ‘आता लावतो पोरी, लावतो.’ वेबसाइट चालू झाली. आठवड्याभरात त्यांनी तिला निरोप दिला, मंडळ तयार आहे, सगळ्या केंद्रांचं काम घ्या, अमरावतीला येऊन बसा.

तिने मला फोन केला. काय ठरवलं हे सांगायला नव्हे, विचारायला.

‘काय करू, आई?’

तुम्ही लहान होतात तेव्हा तिच्या बाजूला बसून पाढे म्हणायचात, त्यामुळे तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. तो थकलेला असला की बारीक होतो. तो बारीक नव्हता. मी तिला विचारलं, तिथे बरं आहे का. ती म्हणाली, बरं आहे, काम चांगलं आहे, लोक मशीन विचारून बंद करतात. मी ती वाक्यं मनात एकदा पुन्हा म्हणून पाहिली. मग म्हणाले की तू तिथेच राहा, आणि अकोल्याचं काम मैत्रिणीला द्यायला सांग, तिला सगळं येतं.

‘आणि तू?’ ती म्हणाली.

‘मी आहे की इथे,’ मी म्हणाले.

काम मैत्रिणीला मिळालं. ती आता दर हंगामाच्या आधी दोन्ही जिल्ह्यांतली मशीनं चालू करत फिरते, परतवाड्यापर्यंत, आणि जाता-येता माझ्याकडे जेवायला थांबते. हात धुताना सांगते की अध्यक्ष अजूनही नारळ फोडतात, पण आता तो दार बंद असतानाच फोडतात. मग आम्ही जेवतो. ती गेल्यावर मी पुण्याला फोन करते आणि आत्याला सांगते की यंदाही सुरू झालं.